समोरच्या घरातले खमीर

मी एक जुना खमिराचा गोळा आहे. किती जुना, ते मात्र विचारू नका मित्रांनो. आमच्या सार्डिनिया बेटावर डोंगरोडोंगरी दगडी बुरूज उभे आहेत. त्यांचे खरे वय जसे गावात कोणी सांगत नाही, तसेच माझे. माझी धनीण मिंटोनिया, तिला मी तिच्या आईकडून मिळालो आणि आईला तिच्या आईकडून, एवढे मला ठाऊक आहे.

माझे घर म्हणजे मातीचे वाडगे आणि वर ओले फडके. दह्याला विरजण लागते, तसा इथल्या भाकरीला मी लागतो. काथवटीत पीठ मळून आंबले की मूठभर गोळा काढून वाडग्यात परत ठेवायचा आणि त्यावर बोटाने क्रूस काढायचा, ही रीत. बाकीचा मी भट्टीत जातो, पापडासारख्या पातळ भाकरी होऊन मेंढपाळांच्या झोळीतून रानात जातो. दर भट्टीला मी मरतो आणि मूठभर उरतो. याचे मला कधी वाईट वाटले नाही. माझ्यामुळे कोणाचे तरी पोट भरते, यापरते भाग्य ते कोणते?

ही भाकरी एकटीदुकटीचे काम नव्हे. एक लाटते, दुसरी भट्टीत सरकवते. टम्म फुगली की सुरीने तिचे दोन पदर सोडवायचे आणि पुन्हा भाजायचे. म्हणून मिंटोनिया आणि समोरची गाविना दोघी मिळून भट्टी लावत. गाविना नवी नवरी होऊन आली, तेव्हा मिंटोनियाच्या आईने मला थोडा तिच्याही वाडग्यात घातला होता. त्यामुळे मी दोन्ही घरी नांदत होतो.

पुढे मिंटोनियाच्या बकरीने गाविनाच्या द्राक्षवेलीचे कोवळे कोंब फस्त केले. गाविना म्हणाली, बकरी मालकिणीच्या वळणावर गेली. मिंटोनिया म्हणाली, त्या वेलीने आजवर आंबट तोंडाशिवाय दिले काय? झाले, बोलणे बंद. समोरासमोर दारे, पण वर्षानुवर्षे कोणी मान वर करीना. गाविनाच्या भट्टीतून धूर निघेनासा झाला, तेव्हा तिच्याकडचे खमीरही मेले असणार, असे सगळे धरून चालले.

मग मिंटोनियाकडे सून आली, आंतिओका. ती किनाऱ्यावरच्या शहरातली, विकतच्या पावावर वाढलेली. मुलगा बाकिझिओ मेंढ्या घेऊन हिवाळ्यासाठी सखल मुलखात निघाला होता आणि त्याच्यासोबत भाकरी द्यायची होती. सासू भट्टीपाशी बसली, सून मळायला. पोरगी इतकी हौशी की काथवट खरवडून सगळे पीठ लाटले. शेवटची भाकरी भट्टीत गेल्यावर मिंटोनियाने वाडगे मागितले. ते स्वच्छ धुऊन पालथे घातले होते.

मिंटोनिया ओरडली नाही. ती बाकावर बसली आणि "आईचं होतं," एवढेच म्हणाली. आंतिओका रडू लागली. बाकिझिओ म्हणाला, दुकानात पुडी मिळते की. दोघींनी त्याच्याकडे असे पाहिले की तो मुकाट्याने मेंढ्यांकडे निघून गेला. गावात इतर घरी खमीर होते, पण ते त्यांच्या त्यांच्या आयांचे. आणि मी समोरच्या घरात होतो, पण सांगायला मला तोंड कुठे?

खमीर मागायला आलेल्या वैऱ्यालाही परत पाठवायचे नाही, असा आमचा नेम आहे. पण मागायला घरातल्या थोरलीनेच जावे लागते. आईचे खमीर गेले होते ते फक्त समोरच्या घरी, मेलेले का असेना. मिंटोनियाने वाडगे उचलून रस्ता ओलांडला.

गाविनाने दार उघडले. वाडगे पाहिले आणि मग पाहुणीच्या मागे डोकावली.

"बकरी नाही ना आणलीस?"

"मेली ती केव्हाच. म्हातारी होऊन."

"कळवायचं तरी."

"बोलत कुठे होतो आपण?" मिंटोनियाने वाडगे पुढे केले. "सुनेनं सगळंच भाजलं गं. तुझ्याकडे आईचं काही उरलंय का?"

गाविना आत गेली आणि मला घेऊन आली. फडके बाजूला केले, तर मी ताजा, फुगलेला.

मिंटोनियाला खरे वाटेना. "तुझी भट्टी तर पेटतच नाही."

"एकटीनं कशी पेटवू? पदर सोडवायला कोण होतं?"

"मग हे?"

"दर शनिवारी पीठ घालते. जास्तीचं होतं ते कोंबड्यांना." गाविना फडक्याची घडी घालत म्हणाली, "तुझ्या आईनं दिलेलं. ते मारणारी मी कोण?"

मिंटोनियाने तिचा पिठाचा हात धरला आणि दोघी उंबऱ्यावरच रडल्या.

मित्रांनो, एका घराने मला दिले नसते आणि दुसऱ्याने रागातही जपले नसते, तर आज मी बोलत नसतो. त्या दोन्ही घरांचे उपकार मी कसे फेडू? तुमच्याकडेही कोणी जपायला दिलेले काही असेल. सगळे एकदम भट्टीत घालू नका. मूठभर मागे ठेवा आणि मूठभर शेजारी द्या.

पुढच्या शनिवारी गाविनाची भट्टी पेटली. मिंटोनियाने लाटले, गाविनाने पदर सोडवले, आणि आंतिओकाने सगळ्यांत आधी माझा गोळा काढून क्रूस रेखला. कोंबड्या दारात माना वर करून उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांच्या वाट्याला काहीच उरले नाही.