सुई कोण टोचणार

डॉक्टरांनी दोन यंत्रं नमुना म्हणून दिली होती. भरलेली सिरिंज दोन्हींत बसवायची. एकात सुई झाकलेली, बटण दाबलं की खटकन आत जाते. दुसऱ्यात सुई दिसते, आपल्या हातानं दाबायची. आठवडाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. माझ्या लेकीच्या, बकुळच्या अंगात एक गरजेचं हार्मोन तयारच होत नाही. उलट्या होऊन गळाली की इंजेक्शन तिथल्या तिथे द्यायचं, नाहीतर पोरगी हातची जायची. मी बँकेत, हे वेदपाठशाळेत, आणि रामघाटच्या आमच्या गल्लीत अँब्युलन्स शिरत नाही. घरी फक्त माझ्या नणंद, इंदूवन्सं.

"झाकलेलंच घेऊ," मी ठरवून टाकलं. वन्सं सुईला घाबरणार, हे मीच गृहीत धरलेलं. त्यांच्याकडून संत्र्यावर सराव करून घेतला. छान जमलं. तरी मला चैन पडेना. रविवारी सकाळी बकुळला पढवून अंगणात आडवं केलं आणि ओरडले, "वन्सं, धावा! बकुळ पडली!"

वन्सं नैवेद्याच्या स्वयंपाकात होत्या. उंबऱ्यापर्यंत धावत आल्या आणि थबकल्या. "सोवळ्यात आहे गं मी! लुगडं बदलून आलेच, तिला धर!" म्हणत आत वळल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "यंत्र कुठलं का असेना," मी म्हणाले, "तुमचं लुगडं बदलून होईतो पोरगी राहील का?"

हे सगळं खोटं होतं, हे कळल्यावर त्या मटकन खाली बसल्या. "पाय आपोआप वळले गं," म्हणून रडल्या. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

सोमवारी बघते तर वन्सं साध्या सुती पातळात. गॅसपाशी हे, सोवळं नेसून, भाताकडे संशयानं बघत उभे.

"नैवेद्य आता यज्ञेश्वर करेल," वन्सं म्हणाल्या. "मी सोवळं सोडलं. आणि ते झाकलेलं यंत्र परत कर. सुई आत गेली की नाही, मला दिसायला हवं."

लग्न झाल्यापासून त्या सोवळ्याची मी टिंगल करत आले. आता ते सुटलं, तर मलाच चुकचुकल्यासारखं झालं.

बकुळ दप्तर घेऊन आली, सवयीनं लांबच थांबली आणि गल्लीतल्या हिंदीत म्हणाली, "आत्या, छू लूँ?"

"ये," वन्सं म्हणाल्या, आणि तिला अशी घट्ट धरून बसल्या की शाळेला उशीर झाला.