दोन पांतेलीस

बस चुकली, म्हणून लांबडा पांतेलीस त्या रविवारी मैदानावर उशिरा पोचला. फाटकातून आत शिरतो तो काय, दोन्ही संघ मधल्या वर्तुळाभोवती दंडाला काळ्या फिती बांधून उभे! आता कोण गेलं, म्हणून त्याने टोपी काढली, तोच लाउडस्पीकरवर क्लबचा अध्यक्ष लाझारोस बोलू लागला, "आपले संस्थापक, जुने गोलकीपर, पांतेलीस वुर्लिस यांना एक मिनिट शांत उभे राहून..."

म्हाताऱ्याने टोपी छातीशी धरली आणि स्वतःसाठी एक मिनिट मुकाट उभा राहिला. दुसरं करणार काय! मेलबर्नचा जुलै म्हणजे ऐन हिवाळा, हाडं गोठवणारा वारा, आणि जमून जमून तीस-चाळीस माणसं. त्यातली निम्मी मोबाइलमध्ये डोकं घालून. आपण मेल्यावर एवढंच होणार तर!

शिट्टी वाजली. सळयांवर सुवलाकीचं मांस भाजणाऱ्या एव्दोकियाने मान वर केली आणि तिच्या हातातला चिमटा गळून पडला.

"अगं बाई! काका, तुम्ही?"

"मीच. अजून तरी."

"मेले हे कमिटीवाले! अहो, सकाळपासून रडतेय मी. दोन सुवलाकी करपली तुमच्यापायी!"

"रडलीस ना खरं? मग दे त्यातलंच एक."

तेवढ्यात लाझारोस धापा टाकत आला. "काका, आईशप्पथ, चर्चच्या दारावर मयताचा कागद लावलाय. नाव तेच, आडनाव तेच, गावसुद्धा तेच. मला काय माहीत दुसरा..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हाताऱ्याने समोरच्या रिकाम्या कुंपणाकडे वळून पाहिलं.

आजोबांचं नाव नातवाला द्यायचं, ही त्यांच्याकडची रीत. प्रत्येक मुलाने बापाचा मान राखला, आणि घरात दोन चुलतभाऊ एकाच नावाचे झाले. गावाने त्यांना लांबडा आणि बुटका करून टाकलं. दोघं एकाच बोटीने आले, एकाच कारखान्यात टायर ओढले आणि इतर पोरांबरोबर त्यांनी जुन्या ग्रीक देवाचं नाव देऊन हा 'एरमिस' क्लब उभा केला. मग एक दिवस वरून, फुटबॉल संघटनेकडून, फर्मान आलं, क्लबांनी आपापल्या देशांची ओळख सांगणारी नावं काढून टाकावीत. सभेत बुटक्याने होकाराचा हात वर केला. म्हणाला, "नाव जाऊ दे, पण खेळ तरी राहील." लांबडा भर सभेत म्हणाला, "उद्या आजोबांचंही नाव विकशील." तेवढ्यावरून बोलणं तुटलं ते तुटलंच. नव्या नावाने क्लब तगला, म्हणजे बुटक्याचंच खरं ठरलं; पण हे कबूल करायला लांबड्याची जीभ काही उचलली नाही. हट्टी माणूस एकटा पडतो आणि वर त्याचाच तोरा मिरवतो.

तरी रविवार दोघांनीही चुकवला नाही. लांबडा क्लबच्या इमारतीशी बसायचा, बुटका समोरच्या कुंपणाशी, मध्ये अख्खं मैदान. बायको दिमित्रा गेल्यापासून लांबड्याला आठवडाभरात ओळखीचं असं तेच एक तोंड दिसायचं. पुढच्या रविवारी पलीकडे जाऊ, म्हणत म्हणत त्याने वर्षं काढली. हल्ली दोन रविवार कुंपणाशी कुणी नव्हतं. सर्दी झाली असेल, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

कागदावरचा दुसरा म्हणजे म्हाताऱ्याचा चुलतभाऊ, हे कळल्यावर "मध्यंतराला पुन्हा मिनिटभर उभे राहू," लाझारोस म्हणाला. "काका, त्यांच्याबद्दल काय सांगू? मुलंबाळं?"

"ठाऊक नाही."

"कशाने गेले? शेवटी जवळ कोण होतं?"

"नको रे विचारू." म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. "सांग, की क्लब त्याने वाचवला. मी म्हणतोय म्हणून सांग."

मध्यंतरात संघ पुन्हा उभे राहिले. लाझारोसने बुटक्याचं नाव घेतलं, क्लब त्याने वाचवला हेही सांगितलं, आणि मैदान शांत झालं. लांबडाही उभा राहिला. पण थोड्याच वेळात त्याच्या तोंडून शब्द फुटले, आधी पुटपुटल्यासारखे, मग चांगले मोठ्याने, गावच्या बोलीत.

"अरे, दिमित्राच्या प्रेतयात्रेला तू मागे उभा होतास, मी पाहिलं होतं. हाक मारायला हवी होती. गुडघा कसा होता रे तुझा? जिना उतरताना दुखायचा का? माझा दुखतो. आणि नावाचं तुझंच बरोबर होतं, गाढवा, तुझंच."

माणसं वळून पाहू लागली. रेफरीने भुवया उंचावल्या. लाझारोस त्याला गप्प करायला दोन पावलं पुढे आला, तशी एव्दोकियाने त्याची बाही धरली.

"बोलू दे त्यांना," ती म्हणाली. "गप्प बसून झालंय त्यांचं."

मिनिट संपलं, शिट्टी वाजली, खेळ सुरू झाला. म्हातारा बोलतच होता.