प्रायमर न मारलेल्या चकत्या

वॉशरवरून वायरमनचा दात पडला, तेव्हा ठरलं की आता पोकरच्या खऱ्याखुऱ्या चकत्या आणायच्या.

तोवर चौघांचा डाव चालायचा तो नट आणि वॉशरवर. पेंटर गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचा आणि मागच्या खोलीतच राहायचा, म्हणून सुट्टीच्या दुपारी बैठक त्याच्याकडे. बारका वॉशर म्हणजे दहा, मोठा म्हणजे पन्नास, नट म्हणजे शंभर. आता गॅरेजमध्ये वॉशरला काय तोटा? झाडू मारला तरी पसाभर निघतात. वायरमनने चपलेखाली सापडलेले दोन हळूच आपल्या ढिगात सरकवले आणि ते क्रेनने पाहिलं.

क्रेन म्हणजे माणूसच. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणारी क्रेन चालवायचा, अंगानेही तसाच, म्हणून ते नाव. त्याने विचारलं नाही, बोलला नाही. एकच ठोसा. वायरमनचा दात पत्त्यांवर पडला, बरोब्बर बदामच्या राणीवर.

"पुढच्या वेळी दात नाही, बोटं मोडीन. कोणाचीही," क्रेन म्हणाला. मग राणी शर्टाला पुसली आणि गड्डीत घातली.

"चूक याची नाही, वॉशरची आहे," दाजी म्हणाले. "जमिनीवर पडलेल्या वस्तूला आपण पैसा म्हणायचं आणि कोणी उचलली की बोंबलायचं. विकतच्या आणा."

दाजी म्हणजे पेंटरच्या ताईचा नवरा. केस कापायचं दुकान होतं त्यांचं. हात इतका हलका की दाढी करता करता गिऱ्हाईक घोरायला लागायचं. दाजी, ताई, त्यांच्या दोन मुली, सगळं घर त्या एका उजव्या हातावर उभं होतं.

वर्गणी निघाली. आणायचं काम पेंटरकडे आलं, कारण रंगातलं त्याला कळतं. क्रेनची एकच अट होती. "शंभरवाली निळी पाहिजे. निळा रंग मला लाभतो."

खेळाच्या सामानाच्या दुकानातल्या बाईंनी काउंटरवर तीन प्रकार मांडले. पहिली चकती जड, हातात घेतली की नाण्यासारखी वाटायची. दुसरी प्लास्टिकचीच, पण पोटात लोखंडाची टिकली घातलेली. तिसरी नुसतं प्लास्टिक, पिशवीत भरलेली, हलवली की वाळक्या शेंगांसारखी वाजायची.

"घरी खेळायचंय ना? मग दुसरी न्या," बाई म्हणाल्या. "परवडते, आणि थर लावला तर घसरत नाही. पहिली घेऊन काय करणार, तुम्ही काय राजे आहात?"

"आणि ही तिसरी?"

"ती पोरांना मोजायला शिकवायला नेतात. कुठलीही घ्या, पण नख मारून बघा. रंग आरपार पाहिजे. वरवरचा रंग चार डावांत जातो."

रंगाबद्दल मला शिकवते, असं पेंटरच्या मनात आलं. मान हलवता हलवता त्याची नजर रस्त्यापलीकडच्या दुकानात गेली. काचेत तपकिरी बूट होते. महिनाभर तो येता-जाता त्यांना बघत होता. दुसरी घेतली असती तर वर्गणी बरोब्बर संपली असती. तिसरी घेतली तर बूट.

त्याने तिसरी घेतली. पिशवीत लाल निघाल्या, हिरव्या निघाल्या, पांढऱ्या तर पोत्याने. निळी एकही नाही.

"निळ्या संपल्या. पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात कशाला? घरात विहीर असताना पाणी कोण विकत घेतं? कोणाच्या तरी गाडीचा झगझगीत निळा रंग डब्याच्या बुडाशी उरला होता. त्याने निम्म्या पांढऱ्या चकत्या वर्तमानपत्रावर मांडल्या आणि फवारा मारला, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. फक्त एक गोष्ट राहिली. प्लास्टिकला आधी प्रायमर मारावा लागतो, नाहीतर रंग धरत नाही. बंपर रंगवताना हे वाक्य तो नव्या माणसांना शिवी जोडून ऐकवायचा. पण प्रायमर मालकाच्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि बूट तर पायात आलेले. चालतंय, म्हणाला. गाडी थोडीच आहे, पावसात उभी राहायला?

सुट्टीच्या दुपारी चकत्या पाहून क्रेनचं तोंड आनंदाने वासलं. "काय माल आणलास रे! पण हलक्या वाटतात."

"बाहेरच्या आहेत. तिकडे हलक्याच वापरतात," पेंटर म्हणाला.

"आणि बूट? तेही तिकडचेच का?" वायरमनने विचारलं. पडलेल्या दाताच्या फटीतून त्याचा शब्द शीळ घालत यायचा. पेंटरने पाय मांडीखाली घेतले.

दाजी शेवटी आले, दुकान बंद करून थेट. गिऱ्हाईक उठलं की हात स्पिरिटने चोळायचे, ही त्यांची जुनी सवय. बाटली खिशातच असायची, इथेही पत्ते हातात घेण्याआधी त्यांनी चोळलं. डाव सुरू झाला आणि दाजींना पानं अशी लागायला लागली की विचारू नका. निळ्या चकत्यांचा मनोरा त्यांच्यापुढे. विचार करताना ते चकत्या बोटांतून खेळवायचे, वर खाली, वर खाली, कात्री खेळवावी तशा.

मग त्यांनी नाक खाजवलं.

"दाजी, नाकाला काय लागलंय?" वायरमन खिदळला. "निळं नाक! होळी खेळून आलात का?"

दाजी हसले, हात बघितला आणि हसायचे थांबले. अंगठा निळा, शेजारची दोन बोटंही निळी. स्पिरिट. प्रायमर नाही आणि वर रंग विरघळवणारं स्पिरिट. पेंटरला क्षणात कळलं. बाकीच्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

क्रेनने दाजींच्या मनोऱ्यातली वरची चकती उचलली. मधोमध पांढरा डाग पडला होता. त्याने स्वतःच्या ढिगातली एक घेऊन अंगठ्याने घासली. काही निघालं नाही. कोरडा अंगठा, काय निघणार?

"दहाची पांढरी रंगवून शंभरची केली," क्रेन हळू आवाजात म्हणाला. "तशाच पांढऱ्या बाजारातून घेऊन घरून रंगवून आणल्या. दाजी, तुम्ही?"

"अरे वेडा झालास का? मला कुठून रंग मिळणार?"

"मेव्हणा पेंटर आहे की," वायरमन म्हणाला. त्याचा दात गेला होता, आता दुसऱ्याचं काहीतरी जावं असं त्याला वाटत असणार.

क्रेन पेंटरकडे वळला. "तू दिलास यांना रंग?"

पेंटरने दाजींकडे बघितलं, मग क्रेनच्या मुठीकडे.

"नाही," तो म्हणाला.

खोटं नव्हतंच ते. म्हणून तर जीभ अडखळली नाही.

मग जे झालं ते भराभर झालं. क्रेनने चटईच उचलली, पत्ते आणि चकत्या भिंतीवर आदळल्या. दाजींची मानगूट धरून त्याने त्यांना खोलीबाहेर गॅरेजमध्ये फरफटत नेलं. दाजींनी दाराची चौकट धरली, तर कोपराने त्यांच्या बरगडीत असं हाणलं की श्वासच अडकला. कामाच्या टेबलावर व्हाइस होता, लोखंड पकडायचा जबडा, दांडा फिरवला की आवळतो. क्रेनने त्यात दाजींचा उजवा हात घातला.

"हात नको!" दाजी ओरडले. "क्रेन, पाया पडतो, हात नको! तोंड फोड, दात पाड! मेव्हणे, सांगा ना याला काहीतरी!"

"मी सांगितलं होतं, बोटं मोडीन. कोणाचीही. तुला वाटलं मी गंमत करतोय?" दाजींना तो आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे करत होता.

पेंटर दारात उभा होता. एक वाक्य, बस. ते गळ्यापर्यंत आलंही. पण त्याला स्वतःची बोटं दिसली, रंगाच्या फवाऱ्याचा ट्रिगर दाबणारी, आणि वाक्य परत खाली गेलं.

क्रेनने दांडा फिरवला. एक फेरा.

आवाज बारीकच होता, ओली काडी मोडावी तसा. नंतर दाजींचा आवाज आला आणि वायरमनने कान झाकले.

"मी रंगवल्या!" पेंटर किंचाळला. "मी! दुकानात निळ्या नव्हत्या! सगळ्या मीच रंगवल्या!"

तो धावत खोलीत गेला, क्रेनच्याच ढिगातली चकती आणली आणि चाकूने खरवडली. निळ्याखाली पांढरं. दुसरी खरवडली. पांढरं. क्रेन चकत्यांकडे बघत राहिला, मग त्याची नजर सावकाश खाली उतरली, तपकिरी बुटांवर.

"वर्गणी," तो म्हणाला.

त्याने पेंटरचे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. एकदा. नाक गेलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा डोळ्यांपुढे सगळं लाल झालं. मग व्हाइस सैल झाल्याचा आवाज आला, दाजींचा हात निघाला आणि पेंटरचा उजवा त्या जागी गेला. लोखंड दाजींच्या हाताने अजून कोमट होतं.

"फिरवा, दाजी," क्रेन म्हणाला. पुन्हा अहो-जाहो.

दाजींनी मोडका हात पोटाशी धरला होता. अंगठा भलत्याच दिशेला वळलेला. डाव्या हाताने त्यांनी दांडा धरला.

"ती चकती तुम्हाला आधी खरवडता आली नसती का, मेव्हणे?"

पेंटरचं रक्त ओठावरून टेबलावर ठिबकत होतं.

"एक फेरा उशीर केलात," दाजी म्हणाले. "मी एकच फेरा घेणार."

आणि घेतला. पूर्ण. डाव्या हाताला सवय नव्हती म्हणून मध्ये थांबून पुन्हा जोर लावावा लागला.

पेंटर शुद्धीवर आला तेव्हा क्रेन टेबलापाशी रडत उभा होता, एवढा मोठा गडी, नाक ओढत. त्याने स्वतःचा हात व्हाइसमध्ये ठेवला होता.

"माझाही घ्या, दाजी. मी विचारायला पाहिजे होतं."

"तुझा राहू दे," दाजी दात आवळून म्हणाले. "आम्हाला दवाखान्यात न्यायला एक तरी धड हात लागेल."

क्रेनने त्यांना गाडी ओढायच्या क्रेनमध्येच बसवलं, दोघांना शेजारी शेजारी. वायरमन केव्हाच पळाला होता.

दवाखान्यात ताई आली तेव्हा दोघांचे हात प्लास्टरमध्ये होते. तिने आधी नवऱ्याचा हात बघितला, मग भावाचा, मग दोघांची बोटं. नवऱ्याच्या नखांत निळं. भावाच्या नखांतही निळं, पण जुनं, कडेला वाळलेलं.

"कोणी केलं?"

दाजी छताकडे बघायला लागले. क्रेनने तोंड उघडलं.

"मी," पेंटर पटकन म्हणाला. सुजलेल्या नाकातून म्हणाला, पण ह्या वेळी पहिला म्हणाला. "चकत्या मी रंगवल्या. दाजींचा हात धरला तेव्हा गप्प मीच राहिलो. माझा हात त्यांनी मोडला, ते बरोबर केलं."

ताईने त्याच्या कानाखाली अशी वाजवली की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. मग तिने त्याच्या पायातले बूट ओढून काढले आणि काखोटीला मारले.

"हे परत जातील. आणि उद्या दुकान मी उघडणार आहे. पोरींना जेवायला लागतं."

"तुला वस्तरा धरता येतो?" दाजींनी विचारलं.

"शिकेन." तिने भावाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. नाकाची सूज, फुटलेला ओठ आणि दोन दिवसांची दाढी तिने नीट बघून घेतली. "सकाळी लवकर ये. माझा हात बसेपर्यंत रोज तुझ्यावरच शिकणार आहे."