त्सुकिशिरोचं ताट

"कुठल्या जहाजावर म्हणालीस?"

फुसाएच्या हातात भाताच्या वाडग्याचं झाकण होतं. ते तसंच हवेत राहिलं.

"त्सुकिशिरो," नात्सुहो म्हणाली. "कोरं करकरीत आहे, आजी. आत अजून रंगाचा वास येतो म्हणे. आणि तू असं तोंड काय केलंस? मला वाटलं, ऐकून नाचशील."

"नाचायचं तर आधी माझ्या गुडघ्यांची परवानगी काढ."

फुसाएने झाकण ठेवलं. बंदराकडच्या खिडकीपाशी एक बुटकं काळं ताट होतं. भात, सोयाबीनचं सार, मुळ्याचं लोणचं, सुकवलेली बारीक मासळी. ती ताटासमोर वाकली, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली आणि मग नातीला वाढायला वळली.

नात्सुहो याच घरात लहानाची मोठी झाली होती. हे ताट पणजोबांचं आणि थोड्या वेळाने ते आपल्यालाच खायला मिळतं, एवढं तिला तिसऱ्या वर्षापासून ठाऊक होतं. पणजोबा मासळीची डोकी टाकतात आणि लोणचं अजिबात खात नाहीत, असं ती तेव्हा बालवाडीत सांगत असे.

घरातलं माणूस लांब गेलं की त्याचं ताट घरी वाढायचं. म्हणजे तिकडे त्याची उपासमार होत नाही. मग भाताचं झाकण उचलून बघायचं. आतून पाण्याचे थेंब धरले असले तर माणूस खुशाल आहे. कुरे बंदराच्या टेकडीवरच्या घरांतून एके काळी अशी पुष्कळ ताटं वाढली जायची. पण हे ताट जिवंत माणसाचं. गेलेल्यांसाठी देव्हारा असतो, तिथे फोटो असतो, उदबत्ती असते. फुसाएच्या देव्हाऱ्यात तिची आई होती, नवरा होता. वडील नव्हते. त्यांचा फोटो कपाटाच्या खणात, हिवाळी कपड्यांखाली होता.

वडील, हेइसाकु, पहिल्या त्सुकिशिरोवर बॉयलरपाशी काम करत. युद्धात, चव्वेचाळीस सालच्या शरद ऋतूत ते जहाज दक्षिणेच्या समुद्रात बुडालं. फुसाए तेव्हा चार वर्षांची होती. हाड नाही, नख नाही, काहीही परत आलं नाही. आई, शिमा, एवढंच म्हणाली, "बुडालं ते जहाज. माणसांना पोहता येत होतं." आणि तिने त्या दिवशीही ताट वाढलं.

ती हाक मात्र नवऱ्याला मारत नसे. "त्सुकिशिरोवरच्या सगळ्यांनी जेवून घ्या," असं म्हणे. एकट्या हेइसाकूला बोलावलं तर बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसतील, ते बरं दिसत नाही, असं तिचं म्हणणं.

"नाव तेच का ठेवलं?" फुसाएने आता विचारलं.

"मानाचं असतं ते. नौदलात जुनं नाव नव्या जहाजाला देतात. हे तिसरं त्सुकिशिरो."

"बुडालेल्याचंसुद्धा नाव देतात?"

"बुडालेल्याचंसुद्धा."

"त्यातल्या माणसांना न विचारता?"

नात्सुहोने घास थांबवला. "आजी, त्यांना कसं विचारणार?" मग ती हसली. "आता माझंही ताट वाढशील ना? शुक्रवारी नको हं. शुक्रवारी जहाजावर करी असते. दोन्हीकडे जेवले तर गणवेशाची बटणं तुटतील."

फुसाए हसली नाही. तिला मधलं त्सुकिशिरो आठवत होतं.

ती तेव्हा नुकतीच शाळेच्या स्वयंपाकघरात लागली होती. एका दुपारी शेजारीण धावत आली, तुझी आई धक्क्यावर उभी आहे, घेऊन जा म्हणाली. आदल्या दिवशी बंदरात एक राखाडी जहाज आलं होतं, त्याच्या मागच्या अंगाला पांढऱ्या अक्षरांत त्सुकिशिरो लिहिलेलं. शिमा रुमालात डबा बांधून थेट फाटकापाशी गेली होती. फुसाए पोचली तेव्हा एक विशीतला खलाशी मांडीवर डबा घेऊन ओळंब्यासारखा ताठ बसला होता आणि खात होता.

"सावकाश," शिमा त्याला म्हणत होती. "उशीर झाला तुम्हाला. किती उशीर झाला."

त्या पोराने शेवटचं शीत खाल्लं, डबा पुसला, दोन्ही हातांनी परत दिला. "पोट भरलं, आई," म्हणाला.

रस्त्याने शिमा आनंदात होती. घरी आल्यावर मात्र ती खिडकीपाशी बसली आणि म्हणाली, "तो एकटाच जेवला गं. बाकीचे वरून बघत होते."

मरताना तिने मुलीकडून एकच वचन घेतलं. ताट बंद करू नकोस. फुसाएने ते कधीच बंद केलं नव्हतं. लग्न झालं, मुलगा झाला, शाळेतून निवृत्त झाली, नवरा गेला. ताट चालू होतं. ताट चालू होतं तोवर वडील कुठेतरी होते.

*

नवं जहाज पहिल्यांदा थोड्याच दिवसांसाठी समुद्रात गेलं. त्या दिवशी फुसाएने दोन ताटं वाढली. एक काळं, एक नात्सुहोचं लहानपणचं, सशाचं चित्र असलेलं. दोन्हींसमोर ती वाकली, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तोंडातून शब्द निघून गेले.

"त्सुकिशिरोवरच्या सगळ्यांनी जेवून घ्या."

भर दुपार होती. बाहेर कोणीतरी चादरी झटकत होतं. तो आवाज थांबला, आणि घरात एक शांतता आली.

ही शांतता फुसाएला ओळखीची होती. शाळेत जेवणाची पानं मांडून झाली की शेकडो मुलं हात जोडून बसत. सुरुवातीचे शब्द म्हणायच्या आधी क्षणभर कुणी हलत नसे. रिकाम्या खोलीची शांतता वेगळी आणि पोटात भूक घेऊन गप्प बसलेल्यांची वेगळी. डोळे मिटूनही ती सांगू शकली असती.

तिने मागे वळून पाहिलं नाही. सशाचं ताट उचललं, छातीशी धरलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. सार तिच्या कपड्यांवर सांडलं होतं. आपण कुणाला कुणाच्या पंगतीला बसवलं, ते तिला कळलं होतं. त्सुकिशिरो म्हटलं की आता तिची पोरगीही त्यात आली.

दुसरी गोष्ट तिला कळली ती भांडी घासताना. शाळेत जेवण संपलं तरी मुलांना उठता येत नसे. सगळ्यांनी मिळून आभाराचे शब्द म्हणायचे, मग उठायचं. एखाद्या वर्गाची बाई विसरली तर ती मुलं रिकाम्या ताटांसमोर तशीच बसून राहत. आईने रोज त्यांना बसवलं होतं. उठा असं कुणीच म्हटलं नव्हतं.

*

"काकू, गाजर आणलं नाहीत ना?" देवळाच्या ओसरीवरून रेन्शो म्हणाला.

तो आता देवळाचा मुख्य भिक्षू होता, डोकं तुळतुळीत, पोट सुटलेलं. लहानपणी शाळेच्या जेवणात त्याने गाजराचे तुकडे बाहीत लपवले होते आणि फुसाएने ते बाही झटकून बाहेर काढले होते.

"आता तुम्हाला महाराज म्हणायला हवं," ती म्हणाली. "बाही दाखवा, असं म्हणता येत नाही."

तो हसला, चहा घेऊन आला. मग तिचा चेहरा बघून समोर बसला. तिने सगळं सांगितलं.

"तर मला वडिलांसाठी नाव हवं," ती शेवटी म्हणाली. "गेलेल्या माणसाला देवळातून नवं नाव मिळतं ते. त्यांना कुणी दिलंच नाही."

"आईंना वचन दिलं होतंत."

"दिलं होतं. आई रागावेल. तिकडे गेले की मी ऐकून घेईन. पण पोरीला त्या पंगतीत बसवणार नाही."

रेन्शोने मान हलवली. "नाव माणसावरून ठेवतात, काकू. ते कसे होते?"

फुसाए चहाकडे बघत राहिली. एकोणऐंशी वर्षांची बाई, आणि वडील कसे होते ते तिला सांगता येईना. उंची? आवाज? फोटोत ते टोपीखाली डोळे बारीक करून उभे होते, तेवढंच.

"त्यांना गरम चालत नसे," ती एकदम म्हणाली. "आई एकदा सांत्वनाला आलेल्या बाईला सांगत होती, मी दाराआड होते. जीभ पोळायची म्हणे. दिवसभर बॉयलरपाशी आणि घरी आले की भात निवेपर्यंत थांबायचे. फुंकर घालत बसायचे. मला मांडीवर घेऊन माझ्याही वाडग्यावर फुंकर घालायचे."

तिने पेला खाली ठेवला.

"आणि आम्ही रोज वाफाळता वाढला," ती म्हणाली. "थेंब धरायला हवेत म्हणून. कढत वाढायचा आणि लगेच झाकायचा."

रेन्शोने तिचा पेला उचलला, रिकामा नसतानाच भरायला आत घेऊन गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मंगळवारी त्याने घरी येऊन मंत्र म्हटले. नावात त्याने वाऱ्याचं अक्षर घातलं होतं, थंड वाऱ्याचं. फुसाएने भात सकाळीच निवायला काढून ठेवला होता. फोटो आईशेजारी ठेवला. मग ती खिडकीकडे वळून बसली आणि शाळेतल्या मोठ्या, स्पष्ट आवाजात म्हणाली, "सगळ्यांचं जेवण झालं. आता उठा." रेन्शोने तिच्यासोबत हात जोडले आणि आभाराचे शब्द म्हटले, लहानपणी म्हणायचा तसे, शेवटचं अक्षर लांबवत.

काळं ताट तिने धुऊन पुसून रेन्शोबरोबर देवळात पाठवलं. खिडकीपाशी आता सशाचं ताट होतं. समोर वाकून ती फक्त "नात्सुहो, जेव" म्हणे. पहिल्या दिवशी ते दोन शब्द तिला चोरटे वाटले.

*

महिन्याभराने त्सुकिशिरो लांबच्या समुद्रात निघालं. धक्क्यावर घरची माणसं जमली होती, बँड वाजत होता. गणवेशातली पोरं कठड्याशी रांगेने उभी होती आणि सगळ्या टोप्या एकसारख्या हलत होत्या, त्यामुळे नात्सुहो नक्की कुठली ते फुसाएला कळेना. तरी ती हात हलवत राहिली. आईला हे करायला मिळालं नव्हतं. त्या काळी जहाज कधी सुटलं तेही घरच्यांना कळत नसे.

जहाज एताजिमा बेटाआड गेलं. माणसं पांगली. एक म्हातारा उरला होता, डोक्यावर विटकी निळी टोपी, टोपीवर जहाजाचं तेच नाव.

"मी मधल्यावर होतो," तो म्हणाला. "शेवटची काही वर्षं, इंजिनाकडे. तुमचं कोण आहे त्सुकिशिरोवर?"

"नात आहे," फुसाए म्हणाली.

पाण्यावरचा पांढरा माग अजून पुरता विरला नव्हता. ती त्याच्याकडे बघत होती.

"वडीलही होते," ती म्हणाली. "ते गेल्या महिन्यात उतरले."

म्हाताऱ्याने तिच्या चेहऱ्याकडे, तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. टोपी काढून त्याने ती दोन्ही हातांत धरली, आणि ती फाटकाबाहेर जाईपर्यंत तो तसाच उभा होता.