चपला लिंबाखाली

कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर बदनापुरात बसून रहस्यकथा लिहिते. मुलाखतीत ऐटीत सांगते, ‘माणूस गुन्हा पचवतो, पण त्याच्या कामाला कुणी नावं ठेवली की त्याला राहवत नाही.’ लोक टाळ्या वाजवतात.

नव्या कादंबरीत मी नावगाव बदलून माझी मावसबहीण झुंबर घातली. बऱ्याच वर्षांपूर्वी ती सासरच्या विहिरीत बुडून गेली. चपला विहिरीच्या काठावर सापडल्या, म्हणून तिकडे भोकरदनला सगळ्यांनी ठरवलं, बाईनं उडी घेतली. मला ते कधीच पटलं नाही. त्या विहिरीवर आसरा आहेत, पाण्यातल्या देवी, शेंदूर लावलेले सात दगड. तिथल्या बाया दगडांच्या अलीकडेच, कडुलिंबाखाली चपला काढतात. जीव द्यायला निघालेली झुंबरसुद्धा आसरांना पायताण दाखवणार नाही. चपला दुसऱ्यानंच ठेवल्या होत्या. माझा संशय तिच्या नवऱ्यावर, अप्पारावदाजींवर होता. पण पुरावा नव्हता, म्हणून पुस्तकात मी खून एका परगावच्या व्यापाऱ्याच्या माथी मारला. थरथरत्या हातांनी तो चपला लिंबाखाली न ठेवता काठावर ठेवतो आणि त्याच चुकीनं पकडला जातो, असं लिहिलं.

काल दुपारी दाजी दारात उभे. झुंबर गेल्यापासून कधी फिरकले नव्हते. काखेत माझी कादंबरी. मी एकटी राहते हे त्यांना ठाऊक होतं.

“मार्केटला आल्तो. म्हनलं मेव्हणीचा चहा घ्यावा.”

बशीत ओतून ते सावकाश चहा प्यायले. मग पुस्तकावर बोट आपटलं.

“लई बराबर लिव्हलंय. पन एक चुकलं. थरथर कसली? हात बिलकुल हलला न्हाई.”

त्यांनी उरलेला चहा बशीत ओतला.

“जोडी नीट लावून ठिवली व्हती. बाया लिंबाखाली काढतात, ते कुठं ध्यानात येतंय? आम्ही गडी हिरीवरची मोटार चालू करायला जोड्यासकट काठावर चढतो.” मग हसले. “तुमच्या त्या व्यापाऱ्याचं म्हनतो मी.”

माझा सिद्धांत माझ्याच खुर्चीत बसून चहा पीत होता आणि मी भीतीनं गार पडले होते. झुंबरसाठी रडू येत होतं, तेही गिळलं.

“शुक्रवारी झुंबरच्या नावानं आसरांना निवद हाय. यायचं,” उठताना ते म्हणाले.

“बघते. तब्येत बरी नसते हल्ली.”

“तुम्ही कुठं बघता? मीच न्यायला येतो.”

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, पुस्तक काखेत मारलं आणि निघाले. मोटारसायकलचा आवाज लांब जाईपर्यंत मी कडी लावून बसले. मग ठरवलं, पोलीस ठाण्यात जायचं. इतक्या वर्षांनी सांगायला काहीतरी होतं. पिशवी घेतली, दार उघडलं.

पायरीवर माझ्या चपला नव्हत्या.

झुंबरच्या वेळी त्यांची चूक झाली होती. आता चपला कुठं ठेवायच्या, ते मीच त्यांना छापून दिलं होतं.