जलव्याचा झगा

शेदलियानं माझ्या दंडाला एवढा जोरात चिमटा काढला, की हातातलं बदामाचं सरबत माझ्या मांडीवर सांडलं.

"अगं मेले, आजच घातलाय हा झगा!"

"बेया, नवरीच्या डाव्या काखेखाली बघ."

"बघतेय की. बघायलाच तर आलोय."

खरंच त्यासाठीच आलो होतो. ट्यूनिसमध्ये बड्या घरचं लग्न असलं, की आमचे मालक सी हम्मादी आम्हा दोघींना पाहुण्या म्हणून आत घुसवायचे. शेदलिया त्यांच्या दुकानासाठी पोशाखांची चित्रं काढायची आणि मी त्यावरून शिवायची. लग्नात तिनं डोळ्यांनी झगा चोरायचा, मी नवरीला मिठी मारायच्या निमित्तानं शिवण चाचपायची. मग ती चित्र काढणार आणि गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवणार. सगळ्याच दुकानांत हे चालायचं. लाज कुणालाच नव्हती.

त्या दिवशीचा झगा थेट पॅरिसहून आलेला. नवरीची आई दारातच प्रत्येकीला ते ऐकवत होती.

"तो माझा आहे," शेदलिया म्हणाली.

"काय तुझं?"

"झगा. तो झोळ माझा आहे. पाठीवरच्या तिरक्या गुंड्यासुद्धा माझ्याच."

मग मलाही ओळख पटली. खांद्यावरून आलेलं कापड डाव्या काखेखाली सैल गोळा झालेलं. दोन वर्षांपूर्वी तिनं तेच काढलं होतं. तो झोळ तिच्या आईचा. डोक्यावर पावाची फळी घेऊन आई भट्टीवर जायची. एक हात वर, फळीला. सफसारीची कड दातात, आणि अंगभर ओढलेलं बाकीचं पांढरं कापड काखेखाली असं दाबलेलं, की ते पडतही नसे आणि हातालाही अडत नसे. मागून चालणाऱ्या पोरीनं ते पाहून ठेवलं होतं. मोठेपणी ती कित्येक सकाळी भट्टीसमोर बसून बायकांचे खांदे काढत राहिली. "नजर लावतेस का गं भवाने?" म्हणत एकीनं तिला वहाण फेकून मारली होती. तरी ही बसलीच.

आणि सी हम्मादी त्या चित्राकडे बघून काय म्हणाले? "सफसारी? अगं, सफसारी नको म्हणून तर बायका माझ्याकडे येतात!" त्या दिवशी एक फ्रेंच कापडवाला दुकानात कॉफी पीत बसला होता. नापास चित्रांचा गठ्ठा त्याच्या हातात ठेवून म्हणाले, "घेऊन जा, पोरांना रंगवायला होतील." शेदलिया तिथंच उभी होती.

गाणाऱ्या बायकांनी सूर धरला. जलव्याची वेळ झाली. नवरीनं चौरंगावर उभं राहायचं, दोन्ही तळहात खांद्याशी वर धरायचे आणि सावकाश फिरायचं. आमच्या आज्या-पणज्या जरीचा जड पोशाख घालून अशाच फिरल्या. ह्या नवरीच्या आईनं मात्र हट्ट धरला होता, जलवा पॅरिसच्या झग्यातच व्हायचा.

नवरीनं हात उचलले. उजवा वर गेला. डावा कोपरापाशीच अडला.

"हात वर कर गं," मावशी दबक्या आवाजात म्हणाली.

"होत नाहीये, मावशी."

"कर म्हणते ना. लोक बघतायत!"

"फाटेल हो!"

मी मिठी मारताना चाचपलं होतं. झोळ अंगाला पक्का शिवून टाकलेला होता. दिसायला छान म्हणून उचलला, पण तो सैल कशासाठी आहे हे त्या शहाण्यांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

नवरीची आई पुढे झाली. मान ताठ करून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "राहू दे. पॅरिसमध्ये एकच हात वर करतात."

"पॅरिसात जलवा करतात होय?" माझ्या शेजारच्या म्हातारीनं विचारलं.

"करत असतील, खाला. त्यांना काय कमी आहे?" दुसरी म्हणाली.

आणि बायकांनी आनंदानं किलकाऱ्या मारल्या. पोरगी एक हात वर, एक पोटाशी, अशी फिरू लागली. पोटात कळ आल्यासारखी.

शेदलिया उठली. "कात्री दे. दोन टाके उसवते, मोकळी होईल बिचारी."

"खाली बस! जोड्यानं हाणतील आपल्याला."

मी तिला ओढून बसवलं.

सकाळी सी हम्मादी दुकानात आले तेव्हा चित्र तयार होतं. झोळ सैल, दोन्ही हात वर. तिनं काढलेलं इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. मालकांनी खूष होऊन आपल्याच बोटांची चुंबनं घेतली.

"ह्याला म्हणतात पॅरिस! तुमच्या डोक्यातून जन्मात निघालं असतं का असं?" मग त्यांनी चित्र जवळ धरलं. "पण हात दोन वर कसे? माझी बायको होती तिथं. एकच वर होता म्हणाली."

"त्यांनी शिवून टाकलंय. ती चूक आहे."

"पॅरिसची चूक तू काढणार?"

"झगा माझा आहे, म्हणून काढणार."

तिनं सगळं सांगितलं. भट्टी, चित्र, कापडवाला, कॉफी. त्यांना आठवलं. मी बघत होते, त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता हा माणूस शरमेल. किती खुळी मी!

"बरं, तुझा," ते म्हणाले. "मग? तुझा म्हणून सांगितला तर घेणार कोण? तू काढलास तेव्हा ती सफसारी होती. त्यांनी काढला, आता ती फॅशन आहे. त्याला मी काय करू?"

"चित्राखाली माझं नाव घाला."

"नाव घातलं की झाली परत सफसारी!"

"मग निदान हात तरी मोकळा ठेवा."

"शेदलिया, सकाळी सकाळी डोकं खाऊ नकोस. हात खाली घे आणि झोळ बंद कर."

"तुमच्या मुलीचं लग्न ठरलंय ना? तिलाही हाच घाला. हात बांधलेलीच पाठवा सासरी."

"जीभ आवर!"

तिनं टाक पाण्यात बुडवला, पुसला, फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. तिला चित्र न्यायचं होतं, पण त्यावर मालकांचा पंजा होता.

"जा, जा! तुझ्यासारख्या छप्पन मिळतील!"

"मिळतील की," ती दारातून म्हणाली. "त्यांनाही पाठवा लग्नांना."

मग त्या माणसानं स्वतः पांढरा रंग घेतला, वर गेलेला हात पुसला आणि पोटावर लाटण्यासारखा एक हात काढून ठेवला. तेच चित्र काचेत लागलं. खाली पॅरिसचं नाव.

तसे झगे दुकानातून जाऊ लागले. मग दुसऱ्या दुकानांतूनही. काही वर्षांत अशी गत झाली, की एखादी पोर जलव्यात दोन्ही हात उचलू लागली तर मावश्याच तिला दटावायच्या, "गावंढळासारखी दोन्ही काय वर करतेस?"

शेदलिया पुढे भरतकामाच्या दुकानांसाठी वेलबुट्टी काढायची. माझ्या भाचीच्या लग्नाला मी तिला ओढून आणली. भाचीला मी किती सांगितलं होतं, पण ऐकते कोण? तिनं तोच झगा घातला होता. चौरंगावर चढली, एक हात वर केला, एक पोटाशी धरला आणि हसत फिरू लागली. सगळ्याजणी टाळ्या वाजवत होत्या.

मी शेजारी पाहिलं. शेदलिया वाजवत नव्हती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, अंगाचा सगळा भार त्यांवर देऊन ती बसली होती. मनगटावरच्या शिरा टरारून फुगल्या होत्या.