भुरीचं चौथं पिल्लू

वृषालीनं पिल्लू उचललं तेव्हा भुरी कुत्री शेतात गेली होती. तिला व्याल्याला जेमतेम सत्तावीस दिवस झाले होते.

"पोरी, ते अजून दूध पेस," द्रौपदाबाई म्हणाली. "आठ हप्ता होऊ दे, मंग लई जा."

"मावशी, मार्च तोंडावर आलाय. बँकेत परत सुट्टी कोण देणार मला? मी पाजीन बाटलीनं."

वृषाली धुळ्याला, देवपुरात राहायची. लेक शिकायला पुण्याला गेल्यापासून घर खायला उठायचं. म्हणून मावशीची कुत्री व्याल्याचं कळताच ती धरणगावला आली होती. पिल्लानं तिची ओढणी ओली केली. ती तिथेच गोठ्यात टाकून तिनं पिल्लू टॉवेलात गुंडाळलं आणि भुरी यायच्या आत गाडी काढली.

कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून तिनं त्याचं नाव टिकल्या ठेवलं. टिकल्या दूध प्यायचा, पण रडायचा नाही. गादीचं टोक तोंडात धरून चोखत पडायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला घरी आली, तेव्हा दार कुणीतरी नखांनी खरवडल्यासारखं वाजलं. तिनं उघडलं. जिना मोकळा होता. मागे वळून पाहिलं, तर टिकल्या कान टवकारून दाराकडेच बघत होता. चौथ्या दिवशीही तेच. त्याच वेळी.

पाचव्या दिवशी मावशीचा फोन आला. "भुरी खात नई, पेत नई. गोठामा खड्डा खणीसन तुनी ओढणी त्यामा ठेयी. बाकीनं पिल्लं वरडतस, अन् ही ओढणीच चाटत बसेल शे."

वृषालीनं ताट सारून टिकल्याला उचललं. तिनं बँकेतल्या साहेबांना न विचारताच गाडी काढली.

भुरी खड्ड्यात होती. वृषालीनं टिकल्याला पुढे ठेवलं. भुरीनं त्याला हुंगलं आणि दात विचकले. त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता. द्रौपदाबाईनं त्याला उचलून बाकीच्या पिल्लांच्या गोणपाटावर घोळवलं आणि परत ठेवलं. भुरी बराच वेळ हुंगत राहिली. मग तिनं त्याला मानगुटीला धरलं आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगामागे नेलं. वृषाली दोन पावलं पुढे सरकली, तशी भुरी गुरगुरली. वृषालीवर ती याआधी कधीच गुरगुरली नव्हती.

ऊन उतरेपर्यंत वृषाली ओट्यावर बसून राहिली. ढिगामागून चाटल्याचा आवाज येत होता. पिल्लू मात्र दिसलं नाही.

"आते लागीन तो मायना अंगे, पेईन दूध," मावशी म्हणाली. "महिनाभरमा ये अन् लई जा."

महिना झाला, दुसराही सरत आला. टिकल्या आता भाकरी खातो, भावंडांशी मारामारी करतो, भुरी स्वतःच त्याला दुधावरून हाकलते, असं मावशीनं दोनदा फोन करून सांगितलं. वृषाली दर वेळी म्हणते, "येते, मावशी." पण भुरीचं ते गुरगुरणं आठवलं की गाडीची किल्ली टेबलावरच राहते.